घोड्यांच्या शर्यतींना पुन्हा गर्दी कशी होईल?

पॅडॉकप्रेमी (ठाणे)

मुंबईच्या महालक्ष्मीला रेस बघायला जातो असं सांगितलं की आपल्याकडे दोन प्रतिक्रिया येतात. साठीच्या आसपासचे विचारतात, "घोड्यांच्या नादाला लागलास की काय?" आणि पंचविशीतली मुलं विचारतात, "ते अजून चालू आहे?" मला दुसरा प्रश्न जास्त लागतो. पहिल्यात निदान धाक आहे, दुसऱ्यात खेळ विस्मरणात गेल्याची खूण आहे.

१८८३ पासून महालक्ष्मीला घोडे धावतायत. पावसाळ्यात पुणे आणि साधारण नोव्हेंबर ते एप्रिल मुंबई, हे चक्र पिढ्यान् पिढ्या चाललंय. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी इंडियन डर्बी: चार वर्षांचे घोडे, २४०० मीटर. ठाण्याहून दादरला गाडी बदलायची, महालक्ष्मी स्टेशनला उतरायचं, की मैदान आलंच. वाशी-नेरूळकरांना थोडा वळसा पडतो, एवढंच. तरी आपल्यातले किती जण तिथे एकदा तरी गेलेत?

जागेचंही आता पहिल्यासारखं राहिलेलं नाही. ९९ वर्षांचा भाडेकरार २०१३ मध्ये संपला. मग बरीच वर्षं घोळ. मध्यंतरी रेसकोर्स मुलुंडच्या डम्पिंग ग्राउंडवर हलवायची चर्चा झाली, म्हणजे अगदी आपल्या वेशीवर. शेवटी २०२४ मध्ये वाटणी झाली: १२० एकर उद्यानाला, ९१ एकर शर्यती भरवणाऱ्या रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबकडे. उद्यान व्हावंच, मुंबईला मोकळी जागा हवीच आहे. पण ज्या खेळाला माणसं येत नाहीत त्याची ९१ एकरही पुढच्या करारात कोण राखेल? सिंगापूरला १८४० च्या दशकापासून शर्यती होत होत्या. ५ ऑक्टोबर २०२४ ला शेवटची झाली, आता त्या जमिनीवर घरं होणार. मकाऊच्या शर्यती त्याच वर्षी एप्रिलमध्ये थांबल्या.

शर्यती जगवायच्या म्हटलं की बोलणं लगेच पैजेवर येतं. मोठे जॅकपॉट ठेवा, पैजांचे नवे प्रकार आणा, जाहिराती करा. माझं मत उलटं आहे. आधी घोडा ओळखणारी माणसं वाढली पाहिजेत. पैज त्यांच्यामागून येईल, आणि ती छोटी आणि जाणती असेल.

रेसआधी घोडे पॅडॉकमध्ये, म्हणजे कठडा घातलेल्या रिंगणात, फिरवतात. ज्याला पैसे लावायचेत त्याने खिडकीपाशी जाण्याआधी तिथल्या कठड्याला टेकून उभं राहावं. मोतद्दार लगाम धरून चालतो, घोडा त्याच्या खांद्याला लागून. बघायचं काय? अंगाला तकाकी आहे का. चालताना मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशाच्याही पुढे पडतोय का. कान टवकारलेत की मागे चिकटलेत. मागच्या मांड्यांमध्ये पांढरा फेस साठलाय का. फेस असेल तर घोडा इथेच घाबरलाय, शर्यतीसाठी राखायची ताकद तो पॅडॉकमध्येच संपवतोय. मग हातातलं कोल, म्हणजे रेसची माहितीपुस्तिका, उघडायचं. मागच्या शर्यती, अंतर, जॉकी, वजन. सरस घोड्यावर हँडिकॅपर (वजनं ठरवणारा अधिकारी) जास्त वजन चढवतो आणि जॉकी हलका असेल तर खोगिरात शिशाच्या पट्ट्या घालून ते भरून काढतात. १४०० मीटरला शेवटच्या टप्प्यात मुसंडी मारून थोडक्यात हुकलेला घोडा आज १६०० ला उतरलाय, वजनही दोन किलोने कमी आहे, तर त्याच्याकडे परत एकदा बघायला हवं.

हे सगळं वाचून, बघून, ताडून शंभर रुपये लावणं आणि आकड्यावर लावणं एक नव्हे. सर्वोच्च न्यायालयानेही १९९६ मध्ये तामिळनाडूच्या खटल्यात हेच म्हटलं: घोड्यांच्या शर्यतीत कौशल्याचा भाग मोठा आहे, तो नुसता नशिबाचा खेळ नाही.

तुमचं मत मोकळेपणाने सांगा. विरोधी असेल तर जास्तच सांगा.


नौपाडाकर

पॅडॉकचं वर्णन आवडलं. आमच्या चाळीत रविवारी दुपारी दोन-तीन काका कोल उघडून बसायचे, पेन्सिलीने खुणा करायचे आणि जॉकी वसंत शिंदे कुठल्या घोड्यावर आहे यावर तावातावाने बोलायचे. पैसे थोडेच असायचे, वादच जास्त. पेसी श्रॉफचं नावही तिथेच पहिल्यांदा ऐकलं. जॉकी म्हणून आठ इंडियन डर्बी जिंकलेला माणूस, पण त्याचा फोटो कधी कुणाच्या भिंतीवर पाहिला नाही. क्रिकेटमधल्या तिसऱ्या फळीच्या खेळाडूला जेवढी ओळख मिळते तेवढीही आपण जॉकीला दिली नाही.


मेधा_वाशी

विरोधी मत जास्तच सांगा म्हणालात म्हणून लिहिते.

माझे वडील रेस खेळायचे. कोल त्यांना पाठ असायचं. कुठला घोडा कुठल्या घोडीचा, कुणाला किती वजन, सगळं तोंडावर. तुम्ही जे कौशल्य म्हणताय ते त्यांच्याकडे भरपूर होतं. तरी आईची पाटली गेली, मग मंगळसूत्राच्या वाट्या गेल्या, मग माझी अकरावीची फी राहिली. सीझन सुरू झाला की आई पगाराच्या दिवशी त्यांच्या कामाच्या ठिकाणी जाऊन फाटकापाशी उभी राहायची. ती तशी उभी राहते हे त्यांच्या सहकाऱ्यांना माहीत होतं, आणि वडिलांनाही हे माहीत होतं की त्यांना माहीत आहे. घरात त्यावर कुणीच बोलत नसे.

त्यामुळे "खेळ लोकप्रिय व्हावा" असं वाचलं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, त्याची किंमत कुठल्या घरात मोजली जाणार? न्यायालयाने कौशल्य म्हटलं असेल. जाणकार माणूसही हरतो, आणि मी जाणकार आहे असं वाटतं म्हणूनच तो थांबत नाही.


पॅडॉकप्रेमी (ठाणे)

@मेधा_वाशी, ताई, तुम्ही हे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. हे बाजूला सारून पुढे बोलता येणार नाही.

एक विचारू का? वडील पैसे टोटच्या, म्हणजे रेसकोर्सवरच्या अधिकृत, खिडकीवर लावायचे की बुकीकडे? विचारण्याचं कारण असं, की टोटला उधारी नसते. खिशातले रोख पैसे द्यायचे, तिकीट घ्यायचं. सगळ्यांचे पैसे एका पूलमध्ये जमतात, कमिशन आणि कर वजा होतात, उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात. माणूस तिथे हरतोच, पण खिशात होतं तेवढंच हरतो. फोनवरचा बेकायदा बुकी हातात नसलेले पैसे लावू देतो आणि सोमवारी वसुलीला येतो.


मेधा_वाशी

बुकीकडे. सोमवारी माणूस यायचा, बरोबर आहे तुमचं. पण सुरुवात खिडकीवरूनच झाली होती. खिडकीवर गोडी लागली, मग बुकीने सोय करून दिली.


करसल्लागार_बेलापूर

खिडकीवरचा माणूस बुकीकडे का जातो, याचं एक कारण कर आहे. त्यावर सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते या धाग्याचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा शर्यतींवर २८ टक्के लागला. तो पैजेच्या पूर्ण रकमेवर की फक्त क्लबच्या कमिशनवर, यावर वाद झाला. २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने कमिशनवरच म्हटलं. पुढे कायदाच बदलला आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून पूर्ण रकमेवर २८ टक्के झाले. २२ सप्टेंबर २०२५ पासून तोच दर ४० टक्के आहे.

साधा हिशोब करा. दहा जणांनी शंभर-शंभर लावले, पूल झाला १,००० चा. वर ४०० कर. खिशातून गेले १,४००. क्लबने एक पैसा न घेता सगळा पूल वाटला तरी परत येतात १,०००. म्हणजे घोडा धावायच्या आधीच शंभरातले साडेअठ्ठावीस गेले. कमिशन त्याच्या वर. आणि एकाच वेळी दहा हजारांहून जास्त जिंकलात तर ३० टक्के टीडीएस कापला जातो, त्यातून आधी हरलेले पैसे वजा करायची मुभा नाही. अशा खिडकीवर कितीही जाणता माणूस उभा केला तरी वर्षाअखेर तो तोट्यातच जाणार. बेकायदा बुकी यातलं काहीच कापत नाही, म्हणून भाव बरा देतो.

उलट बाजूची दोन उदाहरणं. इंग्लंडमध्ये पूर्वी खेळणाऱ्याच्या पैजेवर कर होता, त्यामुळे बड्या बुकींनी धंदा देशाबाहेर नेला. २००१ मध्ये तो कर काढून बुकीच्या ढोबळ नफ्यावर १५ टक्के लावले आणि धंदा परतला. जपानमध्ये सरकारी संस्थाच शर्यती भरवते, साधारण ७५ टक्के रक्कम खेळणाऱ्यांना परत जाते आणि १० टक्के थेट तिजोरीत. सरकारला पैसा दोन्हीकडे मिळतो. फरक एवढाच की तिथे माणूस कायदेशीर खिडकी सोडून पळत नाही.

मेधाताईंना एवढंच सांगेन, कर कमी करा असं मी जुगार वाढावा म्हणून म्हणत नाही. कर इतका चढवला की कायदेशीर खिडकी ओस पडते आणि माणूस, त्याची उधारी, त्याची वसुली, सगळं अंधारात जातं. अंधारात नियम लावता येत नाहीत.


शर्यतवेडा_पनवेल

आमच्याकडे घोडे नाहीत, बैल आहेत, पण या धाग्यावर लिहायचा हक्क आहे असं समजतो.

२०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यती बंद केल्या. डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने कायम केली. मधली सात-आठ वर्षं शर्यत नव्हती तरी लोकांनी बैल विकले नाहीत, खुराक बंद केला नाही. परत सुरू झाल्यावर आमच्या पनवेल-कल्याण पट्ट्यातल्या बिनजोडीला, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या शर्यतीला, जी गर्दी लोटते ती येऊन बघा. मथुर आला, बकासुर आला म्हटलं की पोरं झाडावर चढतात. शाळेतली मुलं बैलाचं नाव, मालकाचं गाव, कुणाबरोबर जुंपला होता, सगळं सांगतात. लोक नावाला येतात.

महालक्ष्मीच्या एका घोड्याचं नाव ठाण्याच्या मुलाला विचारा. नाही येणार. ती नावं इंग्रजी, समालोचन इंग्रजी, कार्ड इंग्रजी. मराठी माणूस घोड्यापासून लांब आहे असंही नाही. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जा, पाय ठेवायला जागा नसते. माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेतही घोडे असतात. मग महालक्ष्मीलाच आपण परके का?


खारघरची_सई

मी कॉलेजमध्ये आहे, रेस कधी पाहिलेली नाही. दोन गोष्टी मांडते.

पहिली. २ नोव्हेंबर २०२५ ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला विश्वचषकाची फायनल झाली, भारत जिंकला. मी आत होते. महिला क्रिकेटला माणसं येत नाहीत असं आम्ही वर्षानुवर्षं ऐकत होतो. माणसं आली, कारण आता मुली त्यांना नावाने माहीत होत्या. कबड्डीचंही तेच. ठाण्यात कबड्डी आधीपासून होतीच, २०१४ ला प्रो कबड्डी आली आणि तेच खेळाडू घराघरात पोचले. शर्यतवेडादादा म्हणतात ते मला पटतं.

जपानमध्ये हारू उरारा नावाची घोडी होती, ११३ शर्यती धावली आणि एकही जिंकली नाही. तरी ती देशभर लाडकी झाली, तिच्या हरलेल्या तिकिटांना लोक ताईत म्हणून जपायचे, आणि डबघाईला आलेलं जपानमधल्या कोचीचं रेसकोर्स तिच्यामुळे तगलं. मला ती जपानी घोड्यांवरच्या एका मोबाइल गेममुळे कळली. आमच्या वर्गातले बरेच जण तो गेम खेळतात, त्यांना जपानी घोडे माहीत आहेत आणि महालक्ष्मीचे माहीत नाहीत.

दुसरी गोष्ट घोड्याबद्दलच. चाबूक, दुखापती, आणि धावणं थांबल्यावर त्याचं काय होतं, हे विचारल्याशिवाय माझ्या वयाचं कुणी येणार नाही. तुम्ही ते टाळलंत.


मोतद्दाराचा_नातू (ऐरोली)

सईच्या प्रश्नाला मी उत्तर देतो, कारण माझे आजोबा पागेत मोतद्दार होते.

पहाटे चारच्या आधी उठायचे. घोड्याच्या पायावरून हात फिरवायचा, गुडघ्याच्या खाली, नळीच्या मागच्या शिरेवर. हाताला ऊब लागली की ट्रेनरला सांगायचं, आज पळवू नका. ही ऊब डोळ्यांना दिसत नाही, रोज हात फिरवणाऱ्यालाच कळते. आजोबांचं म्हणणं असायचं की घोडा पागेत नीट खात नसेल तर डॉक्टरच्या आधी मोतद्दाराला विचारा. घोडा जिंकला की फोटो मालकाचा, ट्रेनरचा, जॉकीचा. लगाम धरलेला माणूस चौकटीच्या कडेला असतो, त्याचं नाव खाली नसतं. मराठी गावांतून कितीतरी घरं या कामावर जगली. नालबंद, खाद्यवाले, घोडे वाहून नेणारे ट्रकवाले. शर्यत बंद पडली तर पहिला फटका यांना.

निवृत्तीनंतर चांगल्या वंशाचे घोडे आणि घोड्या पैदाशीला जातात, शांत स्वभावाचे रायडिंग शाळांत. सगळ्यांचं भलं होत नाही, हे आजोबाच सांगायचे आणि सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. प्रत्येक पैजेतला ठरावीक हिस्सा निवृत्त घोड्यांच्या सांभाळासाठी बाजूला निघाला पाहिजे आणि त्याचा हिशोब जाहीर झाला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

अवांतर: पुण्याच्या पूनावाला स्टडचे निवृत्त घोडे पूर्वी मुंबईच्या हाफकिन संस्थेला त्यांच्या रक्तातून सीरम (औषधी द्रव) काढायला दिले जायचे. मग सायरस पूनावालांनी ठरवलं की सीरम आपणच बनवू, आणि १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. कोविडची तिथली कोविशील्ड लस आपल्यातल्या बहुतेकांनी घेतली, तिच्या मागे रेसचा घोडा उभा आहे हे किती जणांना ठाऊक असतं?


नौपाडाकर

@मोतद्दाराचा_नातू, प्रतिसाद फार आवडला. आजोबांच्या आठवणींवर वेगळा धागा काढाच.

एक भर घालतो. हाँगकाँगला हॅपी व्हॅलीत बुधवारी रात्री शर्यती असतात. लोक ऑफिस सुटलं की ट्रामने जातात. तिथला जॉकी क्लब नफ्यासाठी चालत नाही, पैसा शाळा-इस्पितळांना जातो आणि ते लोकांना दिसतं. आपल्याकडे रेसकोर्स म्हटलं की टोपी घातलेल्या बायका आणि शॅम्पेनचे ग्लास, डर्बीच्या दुसऱ्या दिवशी पेपरात तेच फोटो. घोडा तिसऱ्या फोटोत. ठाण्याच्या माणसाला ती आपली जागा कशी वाटेल?


मेधा_वाशी

सगळं वाचलं. मोतद्दार आजोबांचं वाचून गलबलून आलं. माझे वडीलही घोड्यांबद्दल असंच बोलायचे, त्यांचं प्रेम खोटं नव्हतं.

तरी माझी अट सांगते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्या खेळांची सवय लागलेली मुलं आता काहीतरी शोधणार. त्यांना रेसकडे वळवून खेळ लोकप्रिय केला तर मी त्याच्या विरोधात उभी राहीन. खिडकीवर एका माणसाला एका दिवसात लावायच्या रकमेची मर्यादा हवी. घरच्यांनी अर्ज केला तर त्या माणसाला तिकीट नाकारायची सोय हवी. आईला फाटकापाशी उभं राहावं लागलं, कारण तिने अर्ज करावा अशी जागाच कुठे नव्हती.


करसल्लागार_बेलापूर

घरच्यांच्या अर्जाची सोय सिंगापूरच्या कसिनोंत आहे. तिथे कुटुंबीय अर्ज करून माणसाला आत जाण्यापासून रोखू शकतात. मागणी हवेतली नाही, ताई.


पॅडॉकप्रेमी (ठाणे)

क्लबला आणि राज्याच्या क्रीडा खात्याला पाठवायच्या पत्राचा कच्चा मसुदा तुमच्या प्रतिसादांतून करतोय.

मेधाताईंची दैनंदिन मर्यादा आणि घरच्यांच्या अर्जाची मागणी सगळ्यात वर घेतली आहे. त्याशिवाय बाकीचं मागायला मला तोंड नाही. मग निवृत्त घोड्यांचा निधी आणि त्याचा जाहीर हिशोब. मग मराठी कार्ड आणि मराठी समालोचन, निदान शनिवार-रविवारी. कार्डावर जॉकी-ट्रेनरबरोबर मोतद्दाराचं नाव छापावं, हे आत्ताच ऐरोलीकरांचं वाचून घातलं. पहाटेचा सराव शाळांच्या मुलांना दाखवावा. त्यात पैजेचा संबंधच नाही आणि घोडा सगळ्यात जवळून तिथेच दिसतो. शेवटी कर: पूर्ण रकमेवर न लावता कमिशनवर लावावा. हा निर्णय जीएसटी परिषदेचा आहे, तेव्हा राज्याच्या अर्थखात्याला वेगळी प्रत जाईल. त्या भागाची भाषा बेलापूरकरांनी तपासून द्यावी.

शर्यतवेडादादा, बिनजोडीला समालोचन करणाऱ्या मंडळींपैकी कुणी घोड्यांच्या शर्यतीवर मराठीत बोलून बघायला तयार होईल का? एक शर्यत मोबाइलवर चित्रित करून त्यावर आवाज चढवू आणि पत्रासोबत जोडू. त्यांना घोड्यांची माहिती मी पुरवतो.


शर्यतवेडा_पनवेल

दोघं आहेत माझ्या डोळ्यासमोर. आवाज असा की माइक बंद पडला तरी पट्टीच्या टोकापर्यंत ऐकू येतो. रविवारी विचारतो. त्यांना शर्यत आधी प्रत्यक्ष दाखवावी लागेल, पडद्यावर बघून ते बोलणार नाहीत.